परातीतलं पिवळं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाला, वय २४, कावीळ झाली. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ९.२. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘हिपॅटायटिस ए आहे, आराम करा, याला वेगळं औषध नाही’ असं सांगून घरी पाठवलं. आईला ते पटलं नाही. ती त्याला शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी घेऊन गेली. तिथे त्याच्या हातांना काहीतरी चोळून चुन्याच्या निवळीने धुतलं, तर परातीत पिवळंधमक पाणी उतरलं. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत आठवड्याभरात छातीपर्यंत आली. सोळाव्या दिवशी बिलिरुबिन २.८. तुम्ही म्हणता हे थोतांड आहे, पण पिवळं पाणी तुम्हीही डोळ्यांनी पाहिलंत. आणि आई विचारते, ‘तुझं विज्ञान काय करत होतं तेव्हा?’

मी तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. पावसाळा सुरू झाला की आठवड्याला दोन-तीन तरी पेशंट गळ्यात माळ घालूनच आत येतात. त्यामुळे आईंचा प्रश्न मला नवा नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या ‘थोतांड’पेक्षा तो जास्त चांगला प्रश्न आहे. त्याचं प्रामाणिक उत्तर आहे: फारसं काही नाही. हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या माणसाच्या अंगातला तो विषाणू मारणारी गोळी आम्ही देत नाही: एवर अशी गोळीच नाही, आणि ईमध्येही तिची गरज सहसा पडत नाही. शरीर विषाणूला हुसकावतं, यकृत स्वतःची डागडुजी करतं. आम्ही फक्त लक्ष ठेवतो. आता आजार आपला आपण बरा होणार असेल, तर श्रेय कुणाला मिळणार? त्या वेळी जो हात धरून बसला होता त्याला. तुमच्या डॉक्टरांनी खरं सांगितलं आणि रिकाम्या हाती पाठवलं. त्या गावच्या बाबांनी अर्धा तास हात चोळले. आई कुणावर विश्वास ठेवणार, सांगा.

आता परातीकडे येऊ.

हा प्रयोग मी माझ्या दवाखान्यात कित्येकदा केलाय, तुम्हीही घरी करा. आंब्याची आतली साल वाळवून कुटलेली हवी. मूठभर पूड पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवायची आणि गाळून घ्यायची. पानाच्या टपरीवर मिळतो तो चुना तांब्याभर पाण्यात ढवळून तासभर बसू द्यायचा. वर जे नितळ पाणी राहतं ती निवळी. (डोळ्यांत उडू देऊ नका, चुना शेवटी चुनाच.) आता कावीळ नसलेल्या, ठणठणीत माणसाच्या हातांना ते सालीचं पाणी कोपरापर्यंत चोळा आणि सुकू द्या. हातांवर विशेष काही दिसत नाही, जरासा मातकट ओलावा, बस्स. मग खाली पांढरी परात ठेवून वरून निवळीची धार धरा आणि हात चोळत राहा. पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांतून पिवळी रेघ उतरते, मग तळव्यावरून, आणि मिनिटभरात परातीत हळदीच्या पाण्यासारखं पाणी साचतं. पुन्हा धुतलं की रंग फिका होतो, तिसऱ्यांदा जवळजवळ नाहीच. बाबा म्हणतात, ‘बघा, उतरली.’ उतरली ती साल.

झाडाच्या सालीत अशी द्रव्यं असतात, जी साध्या पाण्यात फारशी रंग दाखवत नाहीत, पण चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात गर्द पिवळी होतात. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते, आणि आपल्याकडे कुंकू त्यावरच पिढ्यान्‌पिढ्या बनत आलंय. देव्हाऱ्यातल्या कुंकवाला कुणी ‘हळदीतून रक्त निघालं’ म्हणत नाही. इथेही तीच जातकुळी आहे, फक्त रंग असा निवडलाय की काविळीशी जुळावा.

आणि समजा, क्षणभर मानून चाला, की ते खरंच बिलिरुबिन होतं. तर हिशेब करा. बिलिरुबिन ही काही बाहेरून शिरलेली घाण नाही. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी रोज मोडीत निघतात, त्यांच्यातून रोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या शरीरात. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं. शीचा रंग त्यातूनच येतो. यकृत थकलं की ते रक्तात तुंबतं, डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी होते. म्हणजे हातांच्या कातडीतून आजचा सगळा साठा धुऊन काढला तरी रात्रीतून नवा तयार होणारच. प्रश्न साठ्याचा नाही, निचऱ्याचा आहे. आणि निचऱ्याची वाट हातातून जातच नाही.

एवढं सगळं सांगायचं नसेल तर एकच गोष्ट विचारा. त्या दिवशी आई सोबत होत्या ना? मग बाबांनी त्यांचे हात का नाही धुऊन दाखवले? कावीळ असलेल्याचं पाणी पिवळं आणि नसलेल्याचं पांढरं, असं एका जागी, एकाच तांब्यातल्या निवळीने दाखवलं असतं तर मीही खुर्चीवरून उठलो असतो. ‘डोळ्यांनी पाहिलं’ यात चूक काही नाही. पाहिलं ते अर्धंच.

माळेचंही असंच. ओल्या देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घेऊन दोऱ्याने एकेकाला फासासारखी गाठ मारत ती गुंफलेली असते. सुरुवातीला इतकी घट्ट की डोक्यावर मुकुटासारखी बसते. देठ वाळतात, आकसतात, गाठीतला दोरा सुटा होतो, आणि तुकड्यागणिक थोडा थोडा दोरा मोकळा झाला की माळ लांबते. काही वर्षांपूर्वी एका पेशंटच्या मामांना मी दोन माळा आणायला सांगितलं. एक भाच्याच्या डोक्यावर, दुसरी दवाखान्यातल्या खुंटीवर. सात दिवसांनी दोन्ही शेजारी धरल्या. खुंटीवरची चार बोटं जास्तच लांब होती, कारण ती पंख्याखाली होती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘डॉक्टर, म्हणजे खुंटीलाच जास्त कावीळ होती म्हणायची.’ मला आजवर मिळालेलं हे सर्वांत चांगलं सर्टिफिकेट.

एक सांगून ठेवतो. हे सगळे बाबा लबाड असतात असं मला वाटत नाही. बरेच जण पैसे घेत नाहीत, नारळ-अगरबत्तीवर काम चालतं. वडिलांनी शिकवलं तसं ते करतात आणि समोरचा माणूस बरा होताना त्यांनीही शेकडो वेळा पाहिलेलं असतं. त्यांचा अनुभव खोटा नाही. त्या अनुभवाचा अर्थ त्यांनी चुकीचा लावलाय.

तो अर्थ कुठे चुकतो ते तुमच्या भावाच्या आकड्यांतच दिसतं. हिपॅटायटिस ए मध्ये आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, आणि मग चार-पाच दिवसांनी डोळे पिवळे. बिलिरुबिन पुढचा आठवडा-दोन आठवडे चढतं, शिखरावर जातं आणि मग आपलं आपण उतरायला लागतं. माणूस गावोगावच्या औषधाच्या शोधात कधी निघतो? सगळ्यात पिवळा दिसतो तेव्हा. म्हणजे शिखरावर, किंवा त्याच्या जरा अलीकडे. तिथून पुढे उतारच आहे. त्या उतारावर माळ घाला, हात धुवा, उसाचा रस पाजा नाहीतर नुसते क्रिकेटचे सामने बघत पडून राहा, १०० पैकी ९९ जण बरे होतात. ९.२ वरून सोळा दिवसांत २.८ ही काही चमत्काराची घसरण नाही. मी माळेशिवाय अशा शेकडो फायली दाखवू शकतो.

साथीत तर हे आणखी गमतीचं होतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हिपॅटायटिस ईची. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत, दिल्लीत यमुनेच्या पाणी उपसण्याच्या जागी सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० माणसं पिवळी पडली. तेव्हा ती हिपॅटायटिस ए समजली गेली. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळलं की ती ए नव्हतीच, ई होती. हजारो माणसं एका शहरात एकदम आजारी पडतात आणि त्यांतली बहुतेक महिन्या-दीड महिन्यात बरी होतात, तेव्हा त्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक औषधवाल्याच्या नावावर किती ‘गुण’ जमा होत असतील, कल्पना करा. आणि तेवढ्या वेळात फुटलेली पाइपलाइन मात्र गटारातच पडलेली असते. कावीळ कुणी उतरवली यावर गावात चर्चा होते, आली कुठून हे विचारायला ग्रामपंचायतीत कुणी जात नाही. हे माझं जुनं दुखणं आहे, असो.

तुम्ही इंजिनियर आहात, म्हणून एका गोष्टीपासून सावध करतो. ‘गावठी म्हणजे खोटं, हॉस्पिटलचं म्हणजे खरं’ अशी वाटणी मनात असेल तर ती काढून टाका. कावीळ याच आजाराने ती वाटणी दोनदा मोडलीय.

१९५६ चा उन्हाळा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्डचं सरकारी हॉस्पिटल. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या सिस्टर वॉर्ड. ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या, मोकळी हवा चांगली म्हणून. एक दिवस त्यांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा तुकडा गर्द पिवळा. याच सुमारास बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात विसरली गेली, आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. इथपर्यंतची गोष्ट आपल्या आज्जीच्या ‘बाळाला कोवळ्या उन्हात ठेव’ याच्यासारखीच आहे. फरक पुढे पडला. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचे नमुने मुद्दाम प्रकाशात आणि अंधारात ठेवून मोजले, मग दिव्यांचा पाळणा केला, त्यात बाळं ठेवून आधी-नंतर रक्त तपासलं, आणि १९५८ मध्ये ते छापलं. कोणता रंग सर्वांत उपयोगी, तर निळा. का, तर त्या प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि यकृताने त्यावर नेहमीची प्रक्रिया न करताही ते बाहेर पडू शकतं. आज तालुक्याच्या हॉस्पिटलातसुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाळं निळ्या दिव्याखाली झोपलेली दिसतात, ती एका नर्सच्या नजरेमुळे. (मोठ्या माणसाच्या विषाणूच्या काविळीला याचा उपयोग नाही. भावाला गच्चीवर उन्हात बसवू नका.)

दुसरी गोष्ट भुईआवळ्याची. आपल्याकडे काविळीवर बांधावरचा भुईआवळा वाटून देतात. हिपॅटायटिस बीचा शोध लावल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले बरूच ब्लुमबर्ग आणि मद्रासचे संशोधक यांनी त्याची चाचणी घेतली, आणि १९८८ मध्ये तिचा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीचा विषाणू अंगात मुरलेल्या ३७ जणांना भुईआवळ्याची पूड दिली, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्यांना नुसती दिसायला तशीच पूड दिली होती त्या २३ पैकी फक्त एकाची. बघा, नोबेलवाल्याने गावठी औषधाची टिंगल केली नाही, उलट जीव लावून तपासलं. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी, थायलंडमध्ये आणि आणखी कुठे कुठे, तोच प्रयोग करून पाहिला आणि तसा गुण कुणालाच दिसला नाही. झालं, विषय मागे पडला. पहिल्या निकालावर टाळ्या वाजवणं सोपं असतं. दुसऱ्याने करून पाहिल्यावर तो टिकतो का, यासाठी थांबणं जड जातं, नोबेल मिळालेलं असलं तरी.

सिस्टर वॉर्डची नजर आणि तुमच्या बाबांची नजर यांत मला फरक दिसत नाही. दोघांनीही काहीतरी पाहिलं. एकीकडे कुणीतरी मोजलं, दुसरीकडे कुणी मोजलं नाही.

आणि आता आमच्या कपाटाचं कुलूप उघडतो. केमिस्टकडे ‘लिव्हर टॉनिक’ नावाच्या सिरपच्या बाटल्या रांगेने उभ्या असतात. विषाणूच्या साध्या काविळीत त्यांनी माणूस लवकर बरा होतो याला धड पुरावा नाही, तरी आम्ही त्या लिहितो. का? कारण पेशंट रिकाम्या हाती गेला की माळेकडे जातो, हे आम्हाला ठाऊक असतं. पेशंट तोंडाने खाऊ-पिऊ शकत असताना लावलेलं सलाईन हेही असंच, आमच्याकडची परात. मी नवीन होतो तेव्हा लावायचो. आता लावत नाही, आणि त्यामुळे दोन-चार घरं माझ्याकडून कायमची तुटली. तेव्हा शंका घ्यायचीच असेल तर ती आमच्या चिठ्ठीवरही घ्या.

मग माळेला एवढा विरोध कशाला, असं तुम्ही विचाराल. माझा माळेला विरोध नाहीच. तुमच्या भावाचं रक्त आधी तपासलं होतं, आजाराचं नाव कळलं होतं, मग तो माळ घालून बसला. नुकसान शून्य, प्रवासखर्च सोडला तर. माझी भीती वेगळी आहे. कावीळ हा आजार नाही, लक्षण आहे. ‘घरात धूर झालाय’ म्हटल्यावर चूल पेटलीय की गोठा पेटलाय हे बघावं लागतं. बाबांकडे प्रत्येक धुराला एकच माळ.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या आसपास. आल्या म्हणजे आणल्या. हुडहुडी भरून ताप, पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं, नाडी भरधाव, रक्तदाब खाली. गळ्यात वाळलेली माळ. सुनेने सांगितलं, ‘वर्षभरात तिसऱ्यांदा कावीळ झाली. आधी दोन्ही वेळा माळेने उतरली होती.’ सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा दिसला. हा खडा नळीत झडपेसारखा वागतो. अडकला की कावीळ चढते, जरा सरकला की उतरते. आधीच्या दोन्ही वेळी तो सरकला, श्रेय माळेला मिळालं, आणि म्हणूनच तिसऱ्या वेळी, खडा घट्ट बसून वर पू झाला तरी, घरच्यांनी सहा दिवस वाट पाहिली. मोठ्या शहरात दुर्बिणीने खडा काढला, बाई वाचल्या. पहिल्याच वेळी पन्नास मैलांवर जाऊन साधी सोनोग्राफी केली असती तर हे काहीच घडलं नसतं. मला इथे नुसती माळ दोषी वाटत नाही. दोनदा ‘गुण आला’ हे जास्त दोषी वाटतं.

गरोदर बाईची कावीळ तर एक दिवसही घरी ठेवायची नसते. हिपॅटायटिस ई तुमच्या-माझ्यासारख्याला दोन आठवडे झोपवून सोडतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदवलं गेलंय. पोटात अजिबात न दुखता साठीच्या माणसाला कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, संडासला शाडूच्या मातीसारखं पांढुरकं होऊ लागलं, तर स्वादुपिंडाचा कॅन्सर तपासावाच लागतो. कोकणात आणि मुंबईत पुराच्या पाण्यात चालल्यावर ताप, पोटऱ्या ठणकणं आणि कावीळ, म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा ताप) असू शकतो, आणि त्याला वेळेवर दिलेली प्रतिजैविकं लागतात. या सगळ्यांचे हात धुतले तरी परातीतलं पाणी सारखंच पिवळं होणार.

काही उपाय तर निरुपद्रवीही नसतात. देवडांगरी या रानवेलीच्या फळाचं पाणी नाकात सोडतात आणि तासन्‌तास पिवळं पाणी गळत राहतं. ती कावीळ नसते, भाजून निघालेल्या नाकाचा स्राव असतो, आणि नाकातून रक्ताची धार लागलेले पेशंट मी पाहिलेत. यकृत आजारी असताना रक्त गोठायला वेळ लागतो, त्यात हे. मनगटावर डाग देतात त्याबद्दल बोलतच नाही. आणि ‘झाडपाला आहे, अपाय कसा होईल’ हे तर मुळीच धरून चालू नका. कोविडच्या काळात लोक गुळवेलीचा काढा पाण्यासारखा पीत होते. २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला सूज आलेले सहा जण सापडले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती खरी गुळवेलच होती हे सिद्ध केलेलं नाही. आक्षेप रास्त होता, विचारायलाच हवा होता. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये मांडली. त्यात बऱ्याच जणांना आधीपासून यकृताचा किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा छुपा आजार होता, काढ्याने तो उफाळून आला. सगळ्यांनाच गुळवेल बाधते असं नाही, पण भावाने पुढचे काही महिने कुठलाही काढा घेऊ नये.

आता आईंशी कसं बोलायचं. सगळ्यात आधी, त्यांच्यासमोर परात मांडून जिंकायला जाऊ नका. तुम्ही जिंकलात तर पुढच्या वेळी त्या तुम्हाला न सांगता जातील, एवढंच होईल. माझ्याकडे अशा आज्या येतात. मी माळ काढायला सांगत नाही. मी म्हणतो, ‘राहू द्या की. फक्त आधी रक्त आणि सोनोग्राफी, मग माळ. मला कळू दे आत काय आहे, मग तुमच्या बाबांना करू दे काय करायचं ते.’ बहुतेक आज्या याला हो म्हणतात, कारण यात त्यांचा मान राहतो. एकदा एका आजींनी मलाच विचारलं, ‘तुमचा विश्वास नाही, मग राहू द्या कशाला म्हणता?’ मी म्हटलं, ‘माझा तुमच्या नातवावर जीव आहे, माळेशी मला काय करायचंय.’ त्या हसल्या आणि दर तिसऱ्या दिवशी रक्ताला घेऊन आल्या.

परातीचा खेळ करायचाच असेल तर महिन्याभराने, भाऊ हिंडा-फिरायला लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी करा, आणि हात तुमचे स्वतःचे धुवायला आईंनाच सांगा. रंग त्यांच्या हातून निघू द्या. मग जे काय वाटायचं ते त्यांचं त्यांना वाटेल.

भावाचा पुढचा रिपोर्ट येईल तेव्हा नुसतं बिलिरुबिन बघून मोकळे होऊ नका. रक्त गोठण्याचा वेळ सांगणारी पीटी-आयएनआर ही तपासणी एकदा तरी करून घ्या, यकृत किती काम करतंय ते तिच्यावरून खरं कळतं. तो दिवसा झोपतोय आणि रात्री जागा राहतोय, असंबद्ध बोलतोय, सतत उलट्या होतायत, काळी शी होतेय, असं काहीही दिसलं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं, मग बिलिरुबिन कितीही उतरलेलं असो. दारू पुढचे सहा महिने नाही. पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. घरात लहान मुलं असतील तर हिपॅटायटिस एची लस त्यांना लगेच देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि पाणी उकळून प्या. उसाचा रस प्यायला हरकत नाही, पण गाड्यावरच्या बर्फातला नको. त्या बर्फातूनच ही कावीळ आली असेल कदाचित.

आणि पथ्य. पिवळं झालेल्या माणसाने पिवळं खाऊ नये म्हणून गेले तीन आठवडे त्याला हळद, तेल, फोडणी सगळं बंद करून पांढरा भात आणि साखरपाणी देताय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. हळदीचा पिवळा आणि काविळीचा पिवळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आजारातून उठणाऱ्या यकृताला नेहमीचं घरचं जेवण लागतं, डाळ, अंडं, दही, चालेल तेवढं तेल. भूक लागायला लागली आहे म्हणता ना? मग आज रात्रीच्या वरणात हळद घाला.